एकाच कातळाच्या दोन तऱ्हा

त्र्यंबकेश्वर, सोमवार

आई,

आपल्या राजापूरच्या घराचा जांभा आणि ब्रह्मगिरीचा काळा कातळ यांचं मूळ एकच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थिजून बसाल्ट झाला. निवताना त्याला भेगा पडल्या. पाणी आत शिरलं ते त्याच वाटांनी. ठोकळ्याच्या कोपऱ्यांना ते दोन-तीन बाजूंनी भिडतं, त्यामुळे कोपरे आधी झिजतात, ठोकळ्याचा गोटा होतो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे हे नीट दिसतं: मधे टणक गोटा, भोवती हाताने चुरगळणारा मुरूम. त्याचीच पुढे माती होते.

नाशिक, बुधवार

पांडवलेण्यांत 3 क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण एका आईने दगडात कोरून घेतले. दुसऱ्या शतकातली ती अक्षरं आजही वाचता येतात, कारण वर कातळाचंच छप्पर आहे आणि पाऊस भिंतीपर्यंत पोचत नाही. बाहेर उघड्यावरचा तोच दगड खडबडीत झालाय.

नांदूर मध्यमेश्वर, शुक्रवार

इथे गोदावरीला कादवा मिळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंधाऱ्यामागे पाणी मंदावतं. नदीचा वेग मोडला की आधी गोटे थांबतात, मग वाळू, आणि अगदी संथ पाण्यात चिखलाचा बारीक कण तळाला बसतो. शंभर वर्षांच्या या गाळाने उथळ पाणथळ आणि बेटं घडवली; त्यांवर पाणवनस्पती आल्या, मागोमाग पक्षी. 2020 मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. गाळाने पाण्याचा साठा घटतो, हे शेतकऱ्याचं दुखणं खरंच आहे. पण त्याच गाळात रोहित पक्षी चोच घालून उभे असतात, तेही खरं.

इथे न थांबलेला गाळ पार बंगालच्या उपसागराकडे निघतो. नदीची लांबी 1465 किलोमीटर!

आता जांभ्याचं. इगतपुरीला वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, इथे निफाडला जेमतेम 500च्या आसपास. आपलं कोकण पावसात इगतपुरीच्या जातीचं. लाखो वर्षांचा असा मुसळधार पाऊस खडकातला चुना आणि सिलिका धुऊन नेतो, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. तोच आपला तांबडा चिरा. निफाडकडे एवढं धुणारं पाणीच नाही, म्हणून चुना काळ्या मातीत राहतो आणि चिकणमातीचे कण टिकतात. ते पाणी पिऊन फुगतात, वैशाखात आकसतात, आणि रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात.

सोबतच्या पुडीत कादवाकाठची काळी माती आहे. ती एका बशीत आणि परसातली तांबडी दुसऱ्या बशीत घे, दोन्ही भिजव. काळी फुगेल. वाळल्यावर तिला किती भेगा पडल्या, ते मोजून कळव.