मानवतची रुई, परळचा मॉल

लोअर परळच्या सेनापती बापट मार्गावर फिनिक्सचा मॉल आहे. त्याच्या आवारात गिरणीची जुनी चिमणी अजून राखलेली आहे. संध्याकाळी तिच्या भोवतीनं तरुण पोरंपोरी फोटो काढत असतात. मी परभणी जिल्ह्यातला, मानवतजवळच्या एका खेड्यातला. घरात पिढ्यान् पिढ्या कापूस. त्यामुळे या मॉलचा इतिहास मला मानवतच्या कापूसबाजारापासूनच सांगावा लागतो.

दसरा-दिवाळीला वेचणीचा जोर असायचा. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरायची आणि आम्ही पोरं त्यावरच झोपायचो. रात्रभर अंग खाजायचं, पण तशी ऊब पुन्हा कुठं मिळाली नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि व्यापाऱ्याच्या दारात जाणारा कापूस सरकारी केंद्रावर जाऊ लागला. केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागे. दादा, म्हणजे माझे वडील, गाडीखाली झोपत, मी गाडीवर.

माप घेण्याआधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर येई. गाडीत खोल हात घालून चिमूटभर कापूस काढायचा, सरकी बाजूला करायची आणि दोन्ही अंगठ्यांनी रुई ओढत ओढत धागे एकासारखे एक लावायचे. मग ते तंतू बोटावर ठेवून त्यांची लांबी बघायची. सारा खेळ अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्या वेळात दादा कापसाकडं बघतच नसत, ग्रेडरच्या तोंडाकडं बघत. वर्षाची मेहनत त्या दोन अंगठ्यांमध्ये असे. पाच क्विंटल कापसाची सरकी काढली की जेमतेम एक गाठ रुई निघते, १७० किलोची. बाकी सगळी सरकी. गाठी रेल्वेनं, ट्रकनं निघून जात. कुठं जातात असं विचारलं की दादा म्हणत, "ममईला. तुझ्या मामाकडं."

मामा बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला गेले होते. त्या सालात आमच्याकडं खडी फोडायला जाणं किंवा गाव सोडणं, दोनच वाटा होत्या. लोअर परळच्या एका गिरणीत ते बदली कामगार म्हणून लागले आणि काही वर्षांनी साचेखात्यात कायम झाले. १९८१ च्या दिवाळीत दादा मला त्यांच्याकडं घेऊन गेले. आमच्याकडं तेव्हा मीटरगेज होती. मनमाडला उतरून मुंबईची गाडी धरावी लागे. मामांच्या खोलीत माणसं पाळीपाळीनं झोपत. एक उठून कामावर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा. पहाटे भोंगा झाला की अख्खी चाळ जागी होई. पाळी संपवून मामा आले, तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर रुईची बारीक लव बसलेली होती. वेचणीहून आलेल्या आईच्या केसांत मी तीच बघत आलो होतो. ही दोन माणसं एकाच कामाच्या दोन टोकांना आहेत, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते आजवर पुसलं गेलेलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागं घेतला असं कधी झालंच नाही. तो विझत गेला. मामांनी वर्ष-दीड वर्ष वाट पाहिली, मग बायकोपोरांसह गावी आले आणि मानवतला एका जिनिंगमध्ये लागले. कापड विणणारा हात सरकी काढायच्या यंत्रात कापूस ढकलू लागला. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

नोकरीसाठी मी मुंबईला आलो तोवर गिरणगावात पाडापाडी सुरू झाली होती. फिनिक्स मिल १९०५ सालची. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस तिच्या आवारात बोलिंगचा खेळ आला, पुढं बिग बझार, मग महागड्या वस्तूंचं पॅलेडियम. एकेक खातं जात राहिलं, एकेक दुकान येत राहिलं. नव्या दुकानांत गर्दी करणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांच्यात माझीही मुलं आहेत. माझं म्हणणं जमिनीबद्दल आहे.

मुंबईतल्या गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियमावलीनं एक सरळ वाटणी ठरवली होती: गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानं गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडाही मांडला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची करायची, इमारतीखालची जमीन त्यात धरायची नाही, असं ठरलं. गिरण्यांत मोकळी जागा असते किती? प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या हाती यायचं ते मैदान, कामगाराला मिळायचं ते घर एका वाक्याच्या फेरफारात निसटलं. माझ्या मते मुंबईनं या शतकात केलेली ही सर्वांत मोठी चूक आहे. २९ सप्टेंबर २०१७ ला याच गिरणगावातल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसं गेली. गिरणगावात कचेऱ्यांचे मनोरे आले, पण त्यांत जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी रस्ते-पूल वाढले नव्हते.

दादा थकल्यावर एकदा मुंबईला आले. त्यांना मी फिनिक्समध्ये नेलं. सरकत्या जिन्यावर ते माझा दंड धरून उभे राहिले. एका दुकानात पांढरा सुती शर्ट टांगलेला होता, किंमत तीन हजारांच्या घरातली. दादांनी बाही दोन बोटांत धरली, अंगठ्यानं घासली.

"लांब धाग्याचा हाय," ते म्हणाले. मग चिठ्ठीवरचा आकडा मला वाचायला लावला. "ह्याला कापूस किती लागतो रं?"

मी हिशोब सांगितला. शर्टाला पाव किलो रुई धरली तर कापूस पाऊण किलोच्या आसपास. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावानंही एवढ्या कापसाचे साठच रुपये होतात. दादांच्या वेळी त्याहून कमी होत होते. ते काही बोलले नाहीत. शर्ट नीट सरळ करून जागेवर लावला आणि निघाले.

आज मानवत, सेलूच्या गाठींपैकी कितीतरी दक्षिणेला, तमिळनाडूच्या सूतगिरण्यांकडं जातात. कापसाखालचं क्षेत्र देशात सर्वांत जास्त महाराष्ट्रात आणि चात्या सर्वांत जास्त तमिळनाडूत, हे मला अजूनही पटत नाही. आमच्या कापसाचं सूत आमच्याच जिल्ह्यात निघालं पाहिजे. मामांसारख्या माणसाला त्यासाठी मनमाड ओलांडावं लागू नये.

आणि घरांचं काय? गिरणी कामगारांसाठी २०१२ पासून सोडती निघाल्या, पण अर्ज दीड लाखाच्या घरात आणि घरं त्या मानानं थोडी. पुढं मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं देण्याचं ठरलं. गिरण्या मुंबईत होत्या, तेव्हा घरंही मुंबईतच मिळावीत, ही २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते. मराठवाड्यातूनही बहात्तरच्या दुष्काळात माणसं गिरण्यांत गेली होती, आणि त्यांच्या वारसांपैकी काहींना आपला हक्क आहे हेही माहीत नाही. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात आजोबांचं, चुलत्याचं, मामाचं गिरणीचं तिकीट, पगारपावती, फंडाचा कागद किंवा ईएसआयचं कार्ड पडलं असेल, तर ते रद्दीत घालू नका. जपून ठेवा. वारसाचा दावा त्याच कागदांवर उभा राहतो.