चौथ्या कपातलं ग्रीस

मृगाचा पाऊस लागायच्या आत गाडीखाली पाठ टेकायची, हा माझा दरवर्षीचा नेम. गाडी म्हणजे जुनी फोर बाय फोर पिकअप. खताची पोती, भाताची रोपं, कडबा, कधीमधी एखादी म्हैस, सगळं तिच्यातूनच जातं. आमच्या सुदुंबरे गावात डांबरी रस्ते झाले असले, तरी आमच्या वावराची वाट आणि आंदर मावळातल्या सोयऱ्यांच्या वाड्या अजून चिखलाच्याच. तिथे पुढची चाकं जोडल्याशिवाय गाडी निघत नाही.

ट्रान्सफर केसमधून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. त्यांच्या टोकांना क्रॉस असतात. गाडी खड्ड्यात आपटली की अॅक्सल वरखाली होतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि तो बदल क्रॉस सोसतो. क्रॉसला चार हात, प्रत्येक हातावर एक कप, कपात सुईसारखे बारीक रोलर. गंमत अशी, की शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेत असला तरी हे रोलर जागच्या जागी जरासेच पुढेमागे हलतात. त्यामुळे ते आपण होऊन ग्रीस पसरवून घेत नाहीत. ते दाबानेच आत घालावं लागतं, आणि पाणी शिरलं की पुन्हा घालावं लागतं.

मागच्या शाफ्टच्या क्रॉसवरचे ग्रीस भरायचे निपल सरळ हाताला लागतात. खरी परीक्षा पुढच्या शाफ्टच्या ट्रान्सफर केसकडच्या क्रॉसची. एका बाजूला सायलेन्सरचा पाइप, दुसरीकडे गिअरबॉक्स, वर चासीची आडवी पट्टी, आणि निपल क्रॉस धरणाऱ्या योकच्या दोन कानांमध्ये दडलेला. ग्रीस गनची सरळ नळी तिथे तिरकीच बसते. मग ग्रीस आत जायच्या ऐवजी निपलच्या बाजूने बाहेर येतं, गॅरेजचं पोरगं फडक्याने ते पुसतं आणि ‘झालं’ म्हणून सांगतं. बहुतेक गॅरेजांत ग्रीसिंग म्हणतात ते एवढंच.

माझी पद्धत वेळखाऊ आहे. गाडी सपाट जागी, सायलेन्सर गार झालेला, चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही, कुणी जाऊही नये. माझ्या गाडीला पुढे फ्री हब आहेत, म्हणजे पुढची चाकं अॅक्सलपासून सोडवता येतात. ते सोडून लिव्हर टू व्हीलवर ठेवला की पुढचा शाफ्ट हाताने फिरतो आणि निपल खाली तोंड करून समोर येतो. मागच्यासाठी दगड काढून गाडी न्यूट्रलमध्ये हातभर ढकलली तरी शाफ्ट जवळजवळ अख्खा फेरा घेतो. ढकलताना खाली अर्थातच कुणी नको. निपलवरची माती डिझेलच्या फडक्याने पुसायची, त्यातली बारीक गोळी दाभणाने दाबून ती हलते का पाहायची. मग गनला लवचीक नळी आणि काटकोनी तोंड लावायचं. लिथियमचं ग्रीस सावकाश, एकेक दाब मोजून.

आता डोळे कपांवर. आधी गंजाच्या रंगाचं पातळ काहीतरी येतं, मग काळं, मग ताजं. तीन कपांतून आलं आणि चौथ्यातून नाही, असं हमखास होतं. तो चौथा कपच पुढे चीं चीं करतो, नंतर रिव्हर्स टाकताना टक्क वाजतो. तेव्हा शाफ्ट कांबीने जरा रेटून धरला की त्या कपाला फट मिळते आणि ग्रीस वाट काढतं. शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या स्लिप जॉईंटला मात्र हात राखून. तिथे जास्त भरलं तर टोकाची टोपी दाबाने निसटते.

आमचे आबा ओट्यावरून सगळं बघत असतात. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या लिहिणारे संताजी जगनाडे महाराज तेलघाणा चालवत. त्यांची समाधी आमच्या गावात. “संताजी महाराजांच्या गावात गाडी कोरडी चालली तर शोभंल का रं?” हा आबांचा ठरलेला टोमणा. त्यांचा जीव जुन्या विलिस जीपवर. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास आपल्याकडे त्या जोडायला घेतल्या. त्या जीपच्या पुस्तकात कुठे, कधी वंगण घालायचं याचा तक्ताच असायचा.

हल्ली बऱ्याच गाड्यांना निपल नसलेले, सीलबंद क्रॉस येतात. महामार्गावर ते उत्तम. पण चाकं बुडेपर्यंत पाण्यात जाणाऱ्या आणि घरी आल्यावर प्रेशरच्या पाण्याने धुतल्या जाणाऱ्या गाडीला मला निपलच हवा, कितीही अडचणीच्या जागी असो. सील एकदा चिरलं की त्या क्रॉसला काही करता येत नाही, बदलावाच लागतो. आणि शाफ्टच्या पुढच्या टोकाचा क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर ते टोक रस्त्यात रुतू शकतं.

तेव्हा पावसाळ्याआधी गाडी सर्व्हिसिंगला टाकाल, तर बिलावरच्या ‘ग्रीसिंग’ या शब्दावर जाऊ नका. टॉर्च घ्या, खाली वाका आणि पुढच्या शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसच्या चारही कपांच्या कडेला ताजं ग्रीस दिसलं तरच पैसे द्या.