पाच लाकडांचं जहाज

पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहायला लागलं की भामरागड तुटतं. दर पावसाळ्यात तुटतं, आणि एकदाच तुटतं असंही नाही. तिकडे नोकरी करणाऱ्या आम्हा मास्तर लोकांना त्याचं नवल उरलेलं नाही. आपण नदीच्या कोणत्या अंगाला सापडतो, एवढाच काय तो प्रश्न. त्या जुलैत मी अलीकडे सापडलो. रविवारी आलापल्लीला मामाजींकडे आलो, सोमवारी पहाटे स्टँडवर गेलो तर कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, घरी जा. पूल बुडाला."

घरी मामाजींचा नातू होता. पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, सुटीत आलेला. त्याने बॅगेतून एक जाडजूड खोका काढला. वर बंदराचं चित्र, नाव 'ल आव्र'. फ्रान्समधल्या बंदराचं नाव. उवे रोझेनबर्ग नावाच्या जर्मन माणसाने 2008 साली काढलेला खेळ. माल जमवायचा, इमारती बांधायच्या, जहाजं बांधायची, आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त मालमत्ता तो जिंकला. पोरगा म्हणाला, "काका, तिघं पाहिजेत. आबाजींना बसवा."

मामाजींना बसवणं सोपं नव्हतं. वनखात्यात चौतीस वर्षं काढली त्यांनी, त्यातली बरीचशी लाकूड डेपोत, आणि वनपाल म्हणून निवृत्त झाले. पत्ते, कॅरम, सगळं त्यांच्या लेखी रिकामटेकडेपणा. पण बाहेर पाऊस असा लागला होता की पानठेल्यापर्यंतही जाता येत नव्हतं. आणि पोराने सतरंजीवर मालाच्या चौकोनी चकत्या मांडल्या, त्यात लाकडाची रास दिसली. मामाजी चष्मा पुसत येऊन बसले.

"हे लाकूड कोनाचं?"

"कोणाचंच नाही, आबाजी. बंदरावर येऊन पडतं. तुमची पाळी आली की उचलायचं."

"फुकट?"

"हो."

"अन् टीपी?"

टीपी म्हणजे वाहतूक परवाना. आमच्याकडे सागाचा ओंडका टीपीशिवाय नाक्यापुढे जात नाही, आणि टीपी मिळायच्या आधी त्याच्या डोक्यावर हातोड्याचा ठसा असावा लागतो. पोराला हे ठाऊक होतं. वनपालाचा नातू तो. तो नुसता हसला.

खेळाची रीत अशी. दर पाळीला बंदरावर दोन प्रकारचा माल येऊन पडतो: मासे, लाकूड, चिकणमाती, लोखंड, धान्य, गुरं, कधी रोख पैसे. तो साचत राहतो. तुमच्या पाळीला एक तर एखादी अख्खी रास उचलायची, नाही तर एखाद्या इमारतीत जाऊन काम करायचं. दोन्ही नाही. सात पाळ्यांची एक फेरी, आणि फेरी संपली की आपल्या माणसांना जेवू घालायचं. अन्न नसेल तर रोकड मोजा, रोकड नसेल तर कर्ज काढा. तिघांच्या खेळाला अठरा फेऱ्या. म्हणजे 126 पाळ्या, एकेकाच्या वाट्याला 42. त्यात आमचे दोन दिवस गेले.

चकत्यांची एक गंमत आहे. प्रत्येक चकती दुहेरी. मासा उलटा केला की धुरी दिलेला मासा, माती उलटी केली की वीट, लोखंड उलटं केलं की पोलाद. लाकूड उलटं केलं की कोळसा. पहिल्याच फेऱ्यांत मी चार लाकडं घेऊन भट्टीत गेलो आणि चकत्या उलट्या केल्या. मामाजी माझ्याकडे पाहत राहिले.

"जंगलात भट्टी लावली तू?"

"मामाजी, खेळ आहे."

"खेळ आहे म्हनून सोडलं. नाही तं पंचनामा केला असता."

खोक्यातला माल पाहता पाहता माझ्या ध्यानात आलं की हे तर आमच्या दोन जिल्ह्यांचंच सामान आहे. दगडी कोळसा चंद्रपूर-घुग्घुसच्या खाणींत. लोखंड सुरजागडच्या डोंगरात. त्याचे ट्रक आलापल्लीच्या चौकातून जातात आणि मामीजी दिवसातून दोनदा ओटा पुसतात. लाकडाचं तर विचारूच नका. दिल्ली-मुंबईच्या लोकांना गडचिरोली म्हटलं की दुसरंच काही आठवतं, पण सागाच्या व्यापाऱ्याला आलापल्ली आठवते. 2023 च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान निघालं, तेव्हा मिरवणूक पाहायला मामाजी मुद्दाम गेले होते. फुलं, ढोल, पुढारी यांतलं त्यांनी काही सांगितलं नाही. नगांची गोलाई तेवढी सांगत होते.

एक समुद्र सोडला तर सगळं होतं इथे.

तिसऱ्या प्रहरी गोदी उघडली आणि पोराने पहिलं जहाज बांधायला घेतलं. लाकडी जहाजाला पाच लाकडं आणि तीन शक्ती लागते. शक्ती म्हणजे जळण: दगडी कोळशाची एक चकती तीन शक्ती देते, लाकडाची एक. कोळसा नव्हता म्हणून त्याने आणखी तीन लाकडं दिली.

"थांब," मामाजी म्हणाले. "पाच लाकडं जहाजात अन् तीन चुलीत?"

"हो, आबाजी."

"बरं, ही पाच लाकडं म्हंजे किती घनफूट?"

हा प्रश्न खेळाच्या पुस्तिकेत कुठेच नव्हता. मामाजींनी तो स्वतःच सोडवला. डोळे अर्धे मिटून, अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत. चार फूट गोलाईचा नग धरा, दहा फूट लांब. गोलाईचा चौथा हिस्सा एक फूट. एकाचा वर्ग एक. त्याला लांबीने गुणा, दहा घनफूट. पाच नगांचे पन्नास.

"पन्नास घनफुटात घराची दारं-खिडक्या होतात बापा. जहाज नाही होत. अन् हे वाळलं कवा? आत्ताच तं बंदरावर येऊन पडलं. ओल्या लाकडाचं जहाज केलं तं सांधे उकलतात."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जहाजाला साग का, तर त्याच्या अंगात तेल असतं, पाण्यात तो लवकर कुजत नाही, त्यात ठोकलेल्या खिळ्याला ओकाच्या लाकडासारखा गंज चढत नाही. पण हे सगळं नीट वाळलेल्या सागाचं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली मलबारच्या सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. हे मी सांगितलं. मामाजी म्हणाले, "मलबारचा," आणि पुढे काही बोलले नाहीत. त्या एका शब्दात बराच अपमान होता.

मग पोराने विचारलं, "आबाजी, आपल्या लाकडाचं जहाज झालं का हो कधी?"

मामाजींना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं आठवत होतं. अहेरीच्या जंगलातली लाकडं बांधून प्राणहितेत सोडायची, ती गोदावरीला लागून खाली तेलंग्या मुलखात जायची. पुढे त्यांचं काय व्हायचं, ते आजोबांनाही माहीत नसावं. मी इतिहास शिकवतो, म्हणून पुढचं मी सांगितलं. लाकूड राजमहेंद्रीच्या बाजूला उतरायचं, आणि गोदावरीच्या मुखाशी कोरिंगा नावाचं बंदर होतं, तिथे जहाजं बांधली जात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एकेकाळी जहाजंच इकडे यायची होती. गोदावरीवर धरण बांधणारे आर्थर कॉटन यांच्या डोक्यातली कल्पना: नदी सुधारून आगबोटी वर आणायच्या आणि वऱ्हाडचा कापूस पाण्यावरून समुद्राला न्यायचा. नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि तिसरा आपल्या प्राणहितेवरचा, देवलमरीचा. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचं ठाणं होतं. बरीच वर्षं काम चाललं, पैसा ओतला, आणि 1871 साली सोडून दिलं.

"देवलमरी?" मामाजी म्हणाले. "आपली देवलमरी?"

"आपलीच."

"तिथं बोट येनार होती?"

ते खूप वेळ पटाकडे पाहत राहिले. मला वाटलं त्यांची पाळी आहे हे विसरले. विसरले नव्हते. हात पुढे करून त्यांनी लाकडाची रास उचलली.

तेवढ्यात लाईट गेली. चार्जिंगचा दिवा लावला तर त्याचा एक पाय मोडका, दिवा डुगडुगायचा. हाताला लागेल ते काहीतरी मी त्याखाली सारलं आणि खेळ पुढे चालू ठेवला. मामीजींनी भात आणि वास्त्याची भाजी आणली. कोवळ्या बांबूची ही भाजी पावसाळ्यातच मिळते आणि माझ्या मते तिच्यापुढे मटण फिकं. पण हे मत घरात कोणी मानत नाही. जेवतानाही मामाजी पटावरची नजर काढत नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझी अवस्था वाईट झाली. मी इमारती बांधत सुटलो आणि जेवणाची तजवीज विसरलो. दर फेरीला माणसांची भूक वाढत जाते, आणि मला एकामागून एक कर्ज काढावं लागलं. या खेळात कर्ज एक असो की पाच, व्याज एकच फ्रँक. पोरगा म्हणाला, हा नियम लोकांना फार आवडतो. आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेत हा नियम आला तर मलाही आवडेल. मात्र शेवटी प्रत्येक कर्जामागे सात फ्रँक वजा होतात. ते मला शेवटी कळलं. खरं तर आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

पोरगा जहाजांवर जहाजं बांधत होता. जहाज असलं की दर फेरीला ते थोडं अन्नही आणतं, म्हणून त्याच्या घरी सुकाळ. लोखंड उलटवून पोलाद करायचा, जहाजात भरायचा, विकायचा. पोलादाच्या एका चकतीला आठ फ्रँक.

"अन् लाकडाला?" मामाजींनी विचारलं.

"एक."

"सागाला एक?"

"साग असं लिहिलेलं नाही, आबाजी. नुसतं लाकूड."

"मंग विकत नाही मी."

आणि खरंच विकलं नाही. बांधलंही नाही. बंदरावर लाकूड साचलं की मामाजी उचलत आणि आपल्यापुढे थप्पी लावत. थप्पी कसली, तो डेपोच होता. पाच-पाचाच्या रांगा, मध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडलेली. माणूस म्हणजे त्यांचं बोट. मासे होते तोवर माणसांना मासे खाऊ घातले, मग गुरं धरली. दोन गुरं राखली की दर फेरीला तिसरं मिळतं हे त्यांना बरोबर समजलं होतं. कर्ज एकही नाही. पोराने दोनदा विनवलं, "आबाजी, खेळ संपल्यावर मालाला किंमत नसते. इमारत, जहाज आणि रोकड, एवढंच मोजतात."

"लिलाव नाही होत?"

"नाही."

"कसा डेपो आहे हा," मामाजी म्हणाले आणि आणखी सहा लाकडं उचलली.

हिशेब रात्री अकराला झाला. पोरगा पहिला, फार पुढे. मी कर्जं वजा जाता कसाबसा दुसरा. मामाजी तिसरे. त्यांच्यापुढे सतरंजीची अर्धी बाजू लाकडाने भरली होती आणि पुस्तिकेप्रमाणे तिची किंमत शून्य. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. निजण्याआधी त्यांनी एकदा रांगांवरून नजर फिरवली.

सकाळी फोन आला, पाणी उतरलं, दहाची गाडी निघेल. पोरगा चकत्या पिशव्यांत भरत होता. मामाजींनी त्याचा हात धरला.

"मोजल्या?"

"आबाजी, खेळाच्या आहेत."

"मोज."

पुस्तिकेच्या सुरुवातीला खोक्यात काय किती आहे त्याची यादी असते. ती त्यांनी मला वाचायला लावली. मासे बरोबर. माती बरोबर. लोखंड बरोबर. लाकडात एक नग कमी. पुन्हा मोजलं, पुन्हा एक कमी. सतरंजी झटकली, पोराचे खिसे झाले, मामीजींना उठवून त्यांची खाट सरकवली. माझी गाडी निघायची वेळ होत आली होती.

मामाजी कोनाड्यापाशी गेले, चार्जिंगचा दिवा उचलला. मोडक्या पायाखाली लाकडाची चकती होती.

"कोनी नेलं हे?"

मी हात वर केला.

"मास्तर असून," ते म्हणाले. चकती पिशवीत टाकली, खोका बंद केला. मग पोराच्या हिशेबाचा कागद पालथा केला, खिशातलं पेन काढलं आणि चौतीस वर्षांच्या सवयीच्या अक्षरात लिहिलं: तपासले. नग बरोबर. खाली सही, आणि सहीखाली तारीख.