आईबाबांचं लंडन

आईबाबा येणार म्हटलं की परदेशातला मराठी आयटीवाला पहिलं काय करतो? एक्सेल शीट उघडतो. दिवस, ठिकाण, तिकीट, जेवण. मित्रांच्या अशा बऱ्याच शीट्स मी बघितल्यात. सहा दिवसांत पंचवीस ठिकाणं, आणि सातव्या दिवशी आईचे पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी :-)

माझे आईबाबा येलदरीचे. येलदरी म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातलं, पूर्णा नदीवरच्या धरणाचं गाव. बाबांची सगळी नोकरी त्या धरणावर गेली. त्यांचं वय 72, आईचं 68, आणि दोघांच्या चारपैकी तीन गुडघ्यांची तक्रार. ही ट्रिप पुन्हा होईल याची खात्री कोण देणार? त्यामुळे 'काय काय दाखवायचं' यापेक्षा 'त्यांना काय बघायचंय' हा प्रश्न मोठा होता.

मी शीटमध्ये दोन जादा रकाने टाकले: पायऱ्या किती आणि बाथरूम कुठे. लंडनची ट्यूब 1863 पासून धावतेय, आणि बऱ्याच स्टेशनांवर अजूनही जिने चढावेच लागतात. पायऱ्या नसलेली स्टेशनं दाखवणारा वेगळा नकाशा मिळतो, तो आधी बघायचा. नाहीतर सरळ लाल बस. वेळ जास्त लागतो, पण चढायला सोपी आणि खिडकीतून शहर दिसतं.

मग त्या कोचवाल्या टुर्स. विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ, सगळं एका दिवसात. बाबांनी माहितीपत्रक वाचून लगेच हिशोब केला, "अरे, अर्ध्याहून जास्त वेळ तर गाडीतच जातोय. एवढं बसायचंच तर आपली परभणी-पुणे येष्टी काय वाईट होती?" मुद्दा बरोबर होता. आम्ही फक्त विंडसर ठेवलं. वॉटरलूहून थेट ट्रेन, साधारण तासाभराचा रस्ता. ब्रिटिश म्युझियममध्येही आख्खी इमारत पालथी घातली नाही. तिथे अर्ध्या-पाऊण तासाच्या फुकट टुर्स असतात, एकेका दालनापुरत्या. तेवढी एक केली आणि मग चहा.

एक दिवस मात्र कोणत्याच पॅकेजमध्ये नसलेला. शहराच्या पूर्वेला थेम्स नदीवर 'थेम्स बॅरियर' आहे. 1953 च्या पुरात इंग्लंडमध्ये 307 माणसं गेली, त्यानंतर समुद्राचं उधाण शहरात घुसू नये म्हणून हे बांधलं. 1984 साली त्याचं उद्घाटन झालं. पोलादी दरवाजे दहा, नदीची रुंदी 520 मीटर. मोठे दरवाजे एरवी नदीच्या तळाशी आडवे पडलेले असतात, त्यामुळे वरून जहाजं जातात. गरज पडली की फिरून उभे राहतात. महिन्यातून एकदा त्यांची चाचणी होते आणि तारखा आधी जाहीर होतात. ती तारीख बघून मी रजा टाकली.

सकाळी ग्रीनिच. शून्य रेखांशाच्या रेघेवर आईचा फोटो. तिथून ट्रेनने चार्लटन फक्त काही मिनिटं, मग थोडं चालायचं. दरवाजे वर येत होते आणि बाबा कठड्याला टेकून बघत होते. "आपलं धरण पाणी अडवून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं," ते म्हणाले. "हे उलटं आहे. इथे नदीला वाट द्यायची आणि समुद्राला अडवायचं." मग येलदरीला पावसाळ्यात रात्रपाळीत पातळी कशी बघायचे, दरवाजे उघडायच्या आधी खालच्या गावांना निरोप कसे जायचे, सगळं सांगत राहिले. यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आई म्हणाली, "अहो, त्याला जरा बघू तरी द्या!" पण त्या दिवसाचे गाइड बाबाच होते.

तर मंडळी, शीट जरूर बनवा. बिग बेन, टॉवर ब्रिज सगळं घ्या. फक्त ते विमानात बसायच्या आधी फोन करून विचारा की जन्मभर ज्या कामात होते, त्यातलं काही इथे आहे का बघू? आणि त्यासाठी एक दिवस मोकळा सोडा. शिक्षिका असलेल्या आईला इथली एखादी शाळा बाहेरून बघायलाही राजवाड्यापेक्षा जास्त आवडेल कदाचित.