हलत्या रक्ताचे चित्रण

काचबिंदूचा विचार दीर्घ काळ डोळ्यातील दाबाभोवती फिरत राहिला, आणि ते स्वाभाविक होते, कारण दाब मोजता येतो आणि औषधाने वा शस्त्रक्रियेने खाली आणता येतो. परंतु २१ मिलिमीटर पारा ही नेहमीची वरची मर्यादा न ओलांडताही अनेकांची दृष्टिनाडी झिजत जाते. जपानमधील ताजिमी शहरात २०००-०१ साली झालेल्या पाहणीत, खुल्या कोनाच्या प्राथमिक काचबिंदूच्या, म्हणजे द्रव बाहेर जाण्याची वाट उघडी असूनही होणाऱ्या काचबिंदूच्या, ९२ टक्के रुग्णांचा दाब या मर्यादेच्या आतच आढळला. अशा डोळ्यांत नाडीला रक्त तर कमी पडत नाही ना, हा प्रश्न टाळता येत नाही.

१९६१ साली इंडियाना विद्यापीठातील नोव्होत्नी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी फ्लुरेसीन हा चमकणारा रंग शिरेत सोडून दृष्टिपटलातील रक्ताची वाटचाल छायाचित्रांत पकडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ही पद्धत आजही मोलाची आहे. मात्र त्या रंगाने मळमळ होऊ शकते, क्वचित गंभीर ॲलर्जीही होते, त्यामुळे वर्षानुवर्षे तपासणीला यावे लागणाऱ्या काचबिंदूच्या रुग्णावर ती पुन्हापुन्हा करणे योग्य ठरत नाही. याउलट ओसीटी अँजिओग्राफी या तपासणीला सुई लागत नाही. प्रकाशाच्या परावर्तनातून ऊतींचे थर दाखवणारे ओसीटी तंत्र १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच्याच आधारे पुढे असे ध्यानात आले की एकाच जागेचे छेद काही मिलिसेकंदांच्या अंतराने घेतले तर स्थिर ऊतींचा संकेत तसाच राहतो आणि फक्त धावत्या रक्तपेशींचा बदलतो. तो बदल तेवढा निवडून रंगवला की केशवाहिन्यांचे जाळे उमटते.

मात्र हे चित्र रक्ताचे नसून हालचालीचे असते, आणि चित्रणाचे खरे कौशल्य हा भेद क्षणभरही न विसरण्यात आहे. रुग्णाची नजर किंचित सरकली तर चित्रावर आडवी पांढरी रेघ येते, पापणी मिटली तर काळा पट्टा पडतो. हे दोष निदान दिसतात तरी. कोरड्या डोळ्यामुळे किंवा मोतीबिंदूमुळे संकेत मंदावला म्हणजे वाहिन्या विरळ भासतात, आणि तो आभास रोगासारखाच दिसतो. म्हणून जाणता तंत्रज्ञ घाई न करता रुग्णाला पापण्या मिटू देतो, गरज असल्यास कृत्रिम अश्रूंचा थेंब घालतो, हनुवटी नीट टेकवून पुन्हा चित्र घेतो आणि संकेताची प्रत समाधानकारक नसेल तर यंत्राने छापलेल्या टक्केवारीवर भिस्त ठेवत नाही. शिवाय ती टक्केवारी वाहिन्यांची घनता सांगते. रक्त किती वाहिले, हे त्यातून थेट कळत नाही.

या मर्यादा मान्य करूनही या तंत्राचे मोल मोठे आहे. नाडीच्या चकतीलगत, बहुधा खालच्या कानशिलाकडील बाजूस, केशवाहिन्या पाचरीच्या आकारात विरळ झालेल्या दिसतात आणि दृष्टिक्षेत्राच्या तपासणीतील वरचा काळा भाग त्या पाचरीशी जुळतो, तेव्हा दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींना पुष्टी देतात. आजार पुढे गेल्यावर नाडीच्या तंतूंच्या थराची जाडी अशा पातळीला येते की तिच्यात आणखी घट मोजता येत नाही. त्या टप्प्यावरही वाहिन्यांची घनता बदल दाखवू शकते, आणि दृष्टी काठावर उरलेल्या माणसासाठी ही माहिती अमूल्य आहे.

रक्त आटल्याने तंतू मेले, की तंतू मेल्याने तिथली रक्ताची मागणीच घटली, हे मात्र एकट्या चित्रातून ठरत नाही. नाडीच्या मुखाला रक्त पोहोचवणारा जोर धमनीतील आणि डोळ्यातील दाबांच्या फरकावर अवलंबून असतो, आणि झोपेत रक्तदाब फार उतरला तर तो फरक धोकादायक रीतीने घटू शकतो. दुपारी काढलेल्या चित्रात रात्रीच्या या घसरणीची नोंद नसते; म्हणून डोळ्यातील दाब आटोक्यात असूनही दृष्टी घटत असेल तर नेत्रतज्ज्ञाने रक्तदाबाची गोळी रात्री घेतली जाते का, हे विचारावे आणि तिची वेळ बदलणे योग्य ठरेल का, याविषयी रुग्णाच्या फिजिशियनशी बोलावे.