संकासूर मुंबईत

आमच्या सिंधुदुर्गात त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा सुरू झाल्या की माणसांना झोपेची आठवण राहत नाही. पालखी देवळाभोवती फिरते, ओट्या भरून होतात आणि मध्यरात्र उलटता उलटता दशावताराचा मृदंग वाजतो. ह्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं आणि राजा कोण, राक्षस कोण, एवढं ठरवायचं. पुढचे संवाद ज्याचे त्याने तोंडाला येतील तसे बोलायचे. एक लाकडी बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर. बायकांची कामंही पुरुषच करतात आणि रंग ज्याचा तो लावतो.

माझे धाकटे काका बरीच वर्षं संकासूर करायचे. अंगभर काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा, त्याला लाल जीभ. संकासुराने मालवणीत बोलायचं आणि कुणाचीही टोपी उडवायची, कुणी रागवायचं नाही. कुणी कुणाची पाणंद खाल्ली, कुणाचा पंप कुणाच्या विहिरीत, हे काका दिवसभर गावात फिरून गोळा करायचे आणि रात्री बाहेर काढायचे. सरपंच समोरच बसलेले असायचे. दुसऱ्या दिवशी तेच काकांना चहा पाजायचे.

मी मुंबईला नोकरीला लागलो तो हे वेड घेऊनच. जहांगीर कलादालनाला तिकीट नाही, दारात कुणी अडवत नाही, ह्याचंच मला केवढं अप्रूप! हळूहळू ओळखी झाल्या, उद्घाटनांची निमंत्रणं यायला लागली. पहिली दोनेक वर्षं छाती फुगवून गेलो. मग दिसायला लागलं की उद्घाटनाला माणसं चित्रांकडे पाठ करून उभी असतात. (तसं उभं राहिल्याशिवाय गप्पा मारता येत नाहीत, हेही खरं म्हणा.) हातात पेला, तोंडाने आपल्याशी बोलणं आणि नजर आपल्या खांद्यावरून दाराकडे, आणखी कोण आलं ते बघायला. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला तेच चेहरे, पुस्तकाच्या प्रकाशनालाही तेच. ‘अप्रतिम! फोन करतो हं,’ असं एका श्वासात म्हणायचं आणि पुढच्या माणसाकडे सरकायचं.

तरी मी जात होतो. मग एका संस्थेने लोककला महोत्सव भरवला आणि काकांच्या मंडळाला बोलावणं आलं. रात्रभराचं नाटक चाळीस मिनिटांत बसवा म्हणाले. काका म्हणाले, “बसवतंव की.” पैसे तीन जत्रांचे एकदम मिळणार होते.

मंडळी रंग लावून बसली होती. एवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आली आणि राजाला, राक्षसाला आणि ‘त्या काळ्यांना’ बाहेर दारापाशी घेऊन गेली. पाहुण्यांना फोटो हवे होते. आमच्याकडे रंगलेला माणूस गणपतीला हात जोडून थेट लोकांपुढे जातो, मध्ये कुठे रेंगाळत नाही. इथे तासभर उभे. उंची साड्यांतल्या बाया काकांच्या लाल जिभेला बोट लावून हसत होत्या. बुरख्याआड काकांचं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं नाही.

आत दीपप्रज्वलन, शाली, नारळ, भाषणं. मातीतली कला जगली पाहिजे, असं तीन वक्त्यांनी सांगितलं आणि त्या सांगण्यात चाळीसातली पंचवीस मिनिटं गेली. भाषणं संपली तशी पुढची रांग उठून जेवणाकडे गेली. खुर्च्यांवर पाहुण्यांच्या नावांचे कागद तेवढे चिकटवलेले राहिले.

संकासूर आला. पुढे बघितलं, जरा थांबला. मग खाली उतरून एकेका कागदाला वाकून रामराम घालायला लागला. “नाटक बघूक कागद बसलो, माणूस गेलो जेवूक!” मागच्या रांगांत आमचे चाकरमानी होते, दोन-चार ड्रायव्हर होते, पहारेकरी होते. ते असे हसले की विंगेत ‘आवरा, आवरा’ म्हणून हात करणारा माणूसही दचकला.

परतीच्या गाडीत काकांनी विचारलं, “झिला, ही माणसां नाटक बघतत खंयच्या टायमाक?” मी म्हटलं, “वर्तमानपत्रात फोटो येतो ना काका, तेव्हा.” ते हसले नाहीत.

जत्रेतला प्रेक्षक म्हणजे काही संत नव्हे. अर्धे खाज्याच्या दुकानांभोवती, काही झाडाखाली पत्ते कुटत, आणि पहाटे राक्षस मरतो तोवर पुढच्या चटईवरचे निम्मे घोरत असतात. पण घोरणाऱ्याला खरंच झोप आलेली असते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

हल्ली मी जहांगीरला एखाद्या आडवारी दुपारी जातो. चित्रांपुढे कुणी नसतं. कोपऱ्यात स्वतः चित्रकार डबा खात बसलेला असतो. उद्घाटनांची निमंत्रणं अजून येतात. काकांचे गुडघे गेले, संकासूर आता त्यांचा भाचा करतो. सुट्टीत गावी गेलो की त्यांना ही निमंत्रणं दाखवतो. ते गुळगुळीत कागदावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, “जा रे, जेवाण बरा असता.”