मारणाऱ्याचाही जीव

25 फेब्रुवारी 1995. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून सिस्टर राणी मारिया इंदूरला जायला बसमध्ये बसल्या. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनी, वय 41. वाटेत समुंदर सिंग या विशीतल्या तरुणाने सुरा काढला. अंगावर पन्नासहून जास्त जखमा झाल्या. बसमध्ये माणसं होती, आडवं कोणी आलं नाही.

त्यांनी काय केलं होतं? आदिवासी आणि भूमिहीन मजुरांना सावकाराच्या वहीतून बाहेर काढायला घेतलं होतं. बचत, सरकारी योजनांचे अर्ज, मजुरीचा हक्क. ज्यांच्या पोटावर पाय आला, त्यांनी या पोराला पुढे केलं.

इंदूर, देवास ही आपल्या ओळखीची गावं. होळकर-पवारांमुळे कितीतरी मराठी घरं तिकडे रुजली. तरी ही हकिकत मराठीत फार कमी सांगितली जाते, याची मला खंत वाटते.

*

2002 चं रक्षाबंधन. राणी मारियांची धाकटी बहीण, त्याच संघातली सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि समुंदरला राखी बांधून आली. त्याआधी स्वामी सदानंद नावाने ओळखले जाणारे ख्रिस्ती धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटत होते. वाट त्यांनी तयार केली.

मी या राखीपाशी पुन्हा पुन्हा अडतो. ‘क्षमा केली’ असं पत्र पाठवता आलं असतं, पण राखी टपालाने बांधता येत नाही. समोर बसावं लागतं, त्याचा हात आपल्या हातात घ्यावा लागतो, गाठ पक्की होईपर्यंत धरून ठेवावा लागतो. ज्या हाताने बहिणीवर वार केले, तोच हात. आणि राखी म्हटलं की नातं आलं, पुढच्या वर्षीचं येणं-जाणं आलं. केरळच्या एका धर्मभगिनीने माळव्यातल्या माणसाला समजेल अशा रीतीने त्याला आपलं म्हटलं.

पुढे घरच्यांनी आणि संघाने त्याच्या सुटकेसाठी अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला. नंतर केरळला त्यांच्या घरी गेला, तेव्हा आईने त्याला जवळ केलं. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं, त्या सोहळ्याला समुंदर हजर होता.

*

खुनानंतर बरोबर महिन्याने, 25 मार्च 1995 ला, पोप जॉन पॉल दुसरे यांचं ‘इव्हँजेलियम व्हिटे’ हे परिपत्रक निघालं. जीवनाच्या पावित्र्याविषयीचं. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध नाही, पण मला त्या शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. परिपत्रकाची सुरुवातीची पानं काइन आणि त्याने मारलेला भाऊ हाबेल यांच्यावर आहेत. हाबेलचं रक्त जमिनीतून ओरडतं, ते देव ऐकतो. काइनला शिक्षाही होते. आणि मग त्याला कोणी मारू नये म्हणून देव त्याच्यावर खूण करतो. खुनी झाला तरी माणूसपणाची प्रतिष्ठा त्याच्यापाशी उरते, असा अर्थ पोप काढतात.

गर्भपात, इच्छामरण यांवर आमच्या चर्चमध्ये तावातावाने बोललं जातं. फाशीचा विषय निघाला की तेच लोक गप्प होतात. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला, तेव्हाही आमच्याकडे फार चर्चा झाल्याचं आठवत नाही.

*

बायबलमध्ये दुसरी बाजूही आहे. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात, माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे म्हणून त्याचं रक्त सांडणाऱ्याचं रक्त सांडलं जाईल, असं आहे. शतकानुशतकं ख्रिस्ती राजांनी याच आधारावर फाशी दिली. हे वचन झाकून ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी ते येशूच्या वधस्तंभाखाली उभा राहून वाचतो, तिथे मरणारा मारणाऱ्यांसाठी मागणं करतो.

*

त्याच परंपरेत बिशप ऑगस्टीनही आहे. पाचव्या शतकाची सुरुवात, उत्तर आफ्रिका. विरोधी पंथाच्या लोकांनी त्याच्या एका धर्मगुरूचा खून केला, दुसऱ्याला जबर जखमी केलं. गुन्हेगारांनी कबुली दिली. ऑगस्टीनने अधिकारी मार्सेलिनसला पत्र लिहून विनवलं: यांना मोकळं सोडू नका, पण जीव घेऊ नका, अवयव तोडू नका, कुठल्यातरी उपयोगी कामाला लावा.

*

1999. ओडिशातलं मनोहरपूर, 22 जानेवारीची रात्र उलटलेली. मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची मुलं, फिलिप 10 वर्षांचा, टिमथी 6 वर्षांचा. गाडीत झोपले होते, गाडी पेटवली गेली. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केल्याचं सांगितलं आणि कायद्याचं काम कायद्यावर सोडलं. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकत्र नांदल्या. त्या 2004 पर्यंत बारीपदात कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. मुख्य आरोपीची फाशी उच्च न्यायालयाने 2005 मध्ये जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ती जन्मठेप कायम केली.

*

क्षमेची घाई करणाऱ्यांचा मला राग येतो. मयताच्या घरी सांत्वनाच्या प्रार्थनेला बसलेले लोक, माती अजून ओली असताना, आईला म्हणतात, “बाई, माफ कर, येशूने केलं तसं.” तिला आधी रडू द्या. एकशे नववं स्तोत्र उघडा, शत्रूवर शाप मागणारं. तेही पवित्र शास्त्रातच आहे, आणि तो संताप देवासमोरच ओतलेला आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल अभ्यासाला जमलेले नऊ जण मारले गेले. दोनच दिवसांनी काही नातेवाईक न्यायालयात क्षमेचे शब्द बोलले. ज्यांना ते जमलं नाही, त्यांचा विश्वास तोकडा होता असं मी मानणार नाही.

*

पेनसिल्व्हानियातले आमिश पंथाचे ख्रिस्ती लोक, ऑक्टोबर 2006. शाळेत पाच मुली गोळ्यांनी मारल्या गेल्या, मारेकऱ्याने स्वतःलाही संपवलं. त्याच दिवशी आमिश माणसं त्याच्या बायकोच्या नि आईवडिलांच्या दारात गेली, पुढे त्याच्या दफनविधीलाही. दहाएक दिवसांत त्यांनी ती शाळा पाडून टाकली आणि पुढे नवी दुसरीकडे बांधली. क्षमा केली म्हणून त्याच भिंतींत पोरांना बसवलं नाही.

*

आमच्या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत खून झालेल्याचं कुटुंब येतं, पोलीस येतात, न्यायाधीशही येतात. आरोपीची आई कधी येत नाही. तिच्याही दारावर लोक दगड मारतात, तिच्या धाकट्या मुलीचं लग्न मोडतं. पुढच्या बैठकीत पाळकसाहेबांना सांगणार आहे, तिचं नाव यादीत घ्या, आणि आरोपीचंही. विरोध होईल, मला माहीत आहे कोण उठून बोलेल ते. तरी मी मांडणार.